स्पोर्ट्स कार चालवताना गाणी लावता का?

लालकाटा (धागाकर्ता)

स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे आहे, किंवा ज्यांनी ती बऱ्यापैकी चालवली आहे, त्यांच्यासाठी हा धागा. चालवताना गाणी लावता का? कधी लावता, कधी बंद करता, आणि का?

माझं मत आधी सांगून टाकतो, म्हणजे खोडून काढायला सोपं जाईल. बिनटर्बोचं (एक्झॉस्टच्या जोरावर जादा हवा भरणारा पंखा नसलेलं) इंजिन, हाताने टाकायचे गिअर आणि वळणावळणाचा मोकळा रस्ता असेल तर गाणी बंद हवीत. 'इंजिन हेच संगीत' असं सगळेच म्हणतात. मला त्याच्या पुढचं म्हणायचं आहे. अशा रस्त्यावर कान रिकामा नसतो. गिअर कधी बदलायचा हे मीटरकडे न बघता कानालाच कळतं आणि डोळे वळणावर राहतात. पुढच्या टायरची पकड संपत आली की टायरचा सूर बदलतो. डांबर गुळगुळीत आहे की खरबरीत, रस्त्यावर बारीक खडी आली का, हेही आधी कानावर येतं. एवढं सगळं ज्या वाटेने येतं त्याच वाटेने गाणंही सोडायचं, हे मला पटत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांचं मात्र यावर एकमत नाही. १९८७ ची फेरारी एफ-४० घ्या. आत गालिचा नाही, दाराला अस्तर नाही, दार आतून उघडायला नुसती एक तार. रेडिओ नाही, एसी मात्र होता. पोर्शेने २०१० च्या बॉक्स्टर स्पायडरमधून रेडिओ आणि एसी दोन्ही काढले. ज्याला हवं त्याने मागून घ्यायचं. २०१६ च्या ९११ आरचंही तेच. होंडा एस-२००० मध्ये रेडिओ होता, पण झाकणाआड, बंद केलं की दिसायचाही नाही. आणि दुसऱ्या टोकाला बुगाटी शिरॉन. तिच्या ट्वीटरना (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरना) एकेका कॅरटच्या हिऱ्याचे पडदे आहेत.

तर बोला.

रोजचा_रस्ता

लावतो, रोज लावतो. माझी ९११ हीच माझी रोजची गाडी आहे. ऑफिसला जाणं, मुलीला क्लासला सोडणं, भाजी आणणं सगळं तिच्यातच. सिग्नल ते सिग्नल रांगेत उभं असताना इंजिन काय सांगणार आहे मला? दुसऱ्या गिअरात, १५०० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या), पुढच्या टेंपोच्या मागे. तिथे गाणी नसतील तर माणूस चिडचिडा होतो आणि चिडलेला माणूस वाईट गाडी चालवतो.

धागाकर्त्यांचं वर्णन वाचून असं वाटतं की स्पोर्ट्स कार सतत वळणाच्या मोकळ्या रस्त्यावरच धावते. रोज वापरणाऱ्याला तसा रस्ता क्वचित मिळतो. मिळाला की मीही आवाज कमी करतो, पण बंद नाही करत. शिवाय माझा गिअरबॉक्स ड्युअल क्लच आहे. गिअर कधी बदलायचा ते तोच ठरवतो.

वाचनमात्र

माझ्याकडे साधी पाच गिअरची हॅचबॅक आहे, त्यामुळे इथे बोलण्याचा अधिकार नाही. पण एक प्रामाणिक शंका. एकच इंजिन, एकच आवाज. तासन् तास ऐकून कंटाळा येत नाही का? गाणी निदान बदलतात तरी.

कानसेन

@वाचनमात्र, शंका अगदी रास्त आहे. आवाज एकच नसतो हे आकड्यांत दाखवतो.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून दर सेकंदाला किती स्फोट होतात ते काढायचं तर आरपीएम गुणिले सिलिंडरची संख्या भागिले १२०. हाच इंजिनाचा मूळ सूर, हर्ट्झमध्ये. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमवर ८० हर्ट्झ देतं. लेक्सस एलएफएचं व्ही-१०, म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन, तिच्या ९००० च्या रेडलाईनला (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) ७५० हर्ट्झवर जातं. पोर्शे ९११ जीटी-३ चं सहा सिलिंडरचं इंजिनही ९००० पर्यंत फिरतं. ते ८८०० ला पोचलं की सूर बरोबर ४४० हर्ट्झ होतो, वाद्यं जुळवायच्या ट्यूनिंग फोर्कचा. आणि गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरे यांच्या टी-५० चं व्ही-१२ इंजिन १२,१०० आरपीएमला १२१० हर्ट्झ गाठतं. हा नुसता मूळ सूर झाला. त्यावर उपस्वर चढतात, ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्याप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं, आत जाणाऱ्या हवेचा आवाज वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा.

रचनेचाही फरक पडतो. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा; क्रॉस-प्लेन क्रँकच्या व्ही-८ मध्ये एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणून तो अडखळत गडगडणारा आवाज. फ्लॅट-प्लेन व्ही-८ मध्ये डावं-उजवं आलटून पालटून होतं, म्हणून तो सलग किंचाळत वर चढतो. सिलिंडर तेवढेच, पण गळा वेगळा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. गिअरची गुणोत्तरं ठरलेली असतात. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१ आहे आणि तिसऱ्याचं १.४. दोन्हींचं प्रमाण ३:२, म्हणजे आपला षड्ज-पंचम. दुसऱ्यातून तिसरा टाकलात की इंजिनाचा सूर पंचमावरून षड्जावर उतरणार. गाडी तीसच्या वेगात असो की ऐंशीच्या, अंतर तेच राहणार. उलट तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबून ॲक्सिलरेटरला जो झटका द्यायचा, तो सूर षड्जावरून नेमका पंचमाला पोचेल एवढाच द्यायचा. कमी पडला तर गाडी नाक खाली घालते, जास्त झाला तर पुढे उसळते. सुरात लागला तर गिअर बदललेला कळतही नाही. जुने चालक आकडे न बघता हे कसं करतात याचं उत्तर इथे आहे. त्यांच्या कानात ते अंतर बसलेलं असतं. अशा वेळी स्पीकरमधून दुसऱ्याच पट्टीतलं गाणं चालू असेल तर ते अंतर कसं ऐकू येईल?

लालकाटा

कानसेन, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. षड्ज-पंचमाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, पण हात ते करत होते एवढं नक्की.

@रोजचा_रस्ता, रांगेतल्या गाण्यांबद्दल मान्य. पण ड्युअल क्लच असला म्हणून कानाचं काम संपत नाही. गिअरबॉक्स गिअर ठरवतो. टायर किती वळू शकेल, ते कोण ठरवतं?

ट्रॅकवेडी

ट्रॅकवर गाणी लावून कुणी चालवताना मी पाहिलेलं नाही. डोक्यावर हेल्मेट असतं, शिकवणारा शेजारी असेल तर इंटरकॉमवरून त्याचा आवाज कानात येत असतो, उरलेला कान टायरकडे.

टायरबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण नवशिक्यांचा इथे गैरसमज असतो. वळणात टायर ओरडायला लागला की लोक घाबरून पाय काढतात. साधा रस्त्यावरचा टायर पकडीच्या टोकाजवळ गुणगुणतो. तो आवाज चांगला, म्हणजे टायर पूर्ण कामात आहे. त्याचा सूर चढून कर्कश किंकाळी झाली की समजायचं, आता तो वळण्यापेक्षा घसरतोच जास्त. स्टिअरिंग थोडं सैल केलं की आवाज पुन्हा गुणगुणण्यावर येतो आणि गाडीही रेषेवर येते. या दोन आवाजांतला फरक ओळखता येणं हे शिकण्यातलं मोठं पाऊल आहे. सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, फार कमी खाचांचे) टायर मात्र फार कमी बोलतात. म्हणून त्यांच्यावर पकड जास्त असूनही इशारा कमी मिळतो, आणि जो मिळतो तो हळू आवाजात. तेव्हा तर कान आणखी मोकळा हवा.

ट्रॅकवरून घरी परतताना? हो, तेव्हा गाणी. थकलेलं डोकं आणि सरळ रस्ता, तिथे मला गाणी जागं ठेवतात. फक्त द्रुत लयीची लावत नाही. वॉरन ब्रॉडस्की या संशोधकाने संगीताची लय आणि ड्रायव्हिंग यावर सिम्युलेटरवर प्रयोग करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. लय वाढली तसा चालकांचा वेगही वाढला. द्रुत लयीत लाल सिग्नल तोडणं, लेन सोडणं, धडकणं हेही वाढलं. ट्रॅकवरून बाहेर पडल्यावर पाय आधीच जड झालेला असतो, त्याला आणखी ढकलायला नको.

उघडे_छप्पर

आमच्याकडे माझदाची एमएक्स-५. छप्पर उघडलं की हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कारण वेग वाढला की वारा कुणालाच काही ऐकू देत नाही. सीटच्या डोक्याजवळ स्पीकर दिलेले आहेत ते त्याचसाठी. त्यामुळे बोलणं आणि साधी गाणी ऐकू येतात. शांत रस्त्यावर, कमी वेगात, संध्याकाळी टॉप उघडून जुनी गाणी ऐकत जाणं हा या गाडीचा फार मोठा आनंद आहे आणि तो मी सोडणार नाही. स्पोर्ट्स कार दर वेळी धावायलाच घ्यावी असं थोडंच आहे?

पण एक सावधगिरी. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवत नेऊ नका. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, ८८ ला चार तास, ९१ ला दोन. उघड्या गाडीत हायवेच्या वेगाला नुसता वाराच ८५ च्या आसपास जाऊ शकतो. त्यावर गाणं ऐकू येण्यासाठी ते वाऱ्याच्या वर काढावं लागतं. मी हायवेवर टॉप बंद करते, नाहीतर गाणी बंद करते. दोन्ही एकदम चालू नाही. लांबच्या प्रवासात टॉप उघडा असेल तर दुचाकीवाले वापरतात तसे कानात बोळे घालणारेही मला माहीत आहेत.

स्पीकरवाला

व्यवसायाने गाड्यांचे साऊंड बसवतो, म्हणून तांत्रिक बाजू.

स्पोर्ट्स कारमध्ये चांगला साऊंड मिळणं अवघड असतं आणि त्यात दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो. जागा कमी, दारं पातळ, वूफरला (बासच्या स्पीकरला) मागे पुरेशी हवा नाही. रुंद टायर आणि कडक सस्पेन्शनमुळे रस्त्याची घरघर सरळ आत येते. वर कानसेन यांनी चार सिलिंडरचा ८० हर्ट्झचा आकडा दिलाय. गाण्यातला बासही तिथेच राहतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज आपल्या वरच्या पट्टीतल्या आवाजांनाही झाकतो, वरचा आवाज खालच्याला तेवढा झाकत नाही. कानाची रचनाच तशी आहे. म्हणून आधी गाण्यातला बास हरवतो, मग गायकाच्या आवाजातला भरीवपणा. माणूस आवाज वाढवतो, तर नुसती झांज आणि 'स' 'श' टोचायला लागतात. गिऱ्हाईक येऊन सांगतं, ट्वीटर खराब आहे.

ज्यांना ऐकायचंच आहे त्यांनी बास थोडा वाढवून एकूण आवाज कमी ठेवावा. वेगाप्रमाणे आवाज आपोआप वाढवणारी सोय असेल तर ती सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवावी.

आणि इंजिनवाले विरुद्ध गाणीवाले असे दोन पक्ष करू नका. मॅकलारेन एफ-१ बघा. ती १९९२ मध्ये लोकांसमोर आली. चालक मधोमध, हवा आत घेण्याचं तोंड त्याच्या डोक्यावर छतात, मागे बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं व्ही-१२. गॉर्डन मरे यांनी वजनासाठी ग्रॅम ग्रॅमचा हिशेब केला, रेडिओ ठेवलाच नाही, पण केनवुडकडून मुद्दाम हलका केलेला दहा सीडींचा प्लेअर बसवला. पुढे टी-५० मध्येही छतातून हवा आत घेतली, छताचा पत्रा इंजिनाचा आवाज आत पोचवेल असा घडवला, आणि आर्कमचे स्पीकरही दिले. इंजिनाच्या आवाजासाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसाला दोन्ही हवं होतं.

लालकाटा

मरे यांचा दाखला बिनतोड आहे. तरी मला वाटतं दोन्ही असणं वेगळं आणि दोन्ही एकाच वेळी चालू असणं वेगळं.

यातून एक वेगळीच गोष्ट सुचली. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज स्टिरिओच्याच स्पीकरमधून वाजवला जातो. आरपीएम आणि ॲक्सिलरेटर बघून संगणक ठरवतो काय वाजवायचं. टर्बो एक्झॉस्टचे ठोके गिळतो, केबिन चांगली बंद केलेली, मग आत काही उरत नाही म्हणून ही सोय. त्यानंतर कित्येक कंपन्यांनी तेच केलं. पेट्रोल गाड्यांना कणगाळणी (धुरातले बारीक कण अडवणारी गाळणी) आल्यापासून एक्झॉस्ट आणखी दबले. अशा गाडीत गाणी बंद केली तरी आपण रेकॉर्डिंगच ऐकत असतो. मला हे खरंच खुपतं. एलएफएमध्येही आवाज मुद्दाम घडवला होता, यामाहाच्या मदतीने, पण तिथे हवेच्या टाकीचा आकार आणि केबिनपर्यंत नेलेले मार्ग यांतून खरा आवाज आत येतो. टोयोटा जीटी-८६ मध्येही हवेच्या नळीतून एक फाटा आत आणलाय. तो आवाज इंजिनातूनच निघतो. स्पीकरमधल्या आवाजावर मी तेवढा विश्वास टाकू शकत नाही.

मेकॅनिक_मामा

विश्वासाचा विषय निघाला म्हणून लिहितो. गॅरेजमधे गाडी घेऊन जे येतात त्यांच्यात दोन प्रकार दिसतात. एक जण सांगतो, डावीकडे वळताना घुंईं आवाज येतो, उजवीकडे वळलं की जातो. त्याचं व्हील बेअरिंग वेळेवर बदललं जातं. दुसरा येतो तेव्हा चाक हलत असतं. चौकशी केली की कळतं, गाणी कायम चालू.

आठवड्यातून एकदा तरी काच खाली, गाणी बंद, भिंतीच्या किंवा रेलिंगच्या कडेने जा. आवाज परत येतो आणि सगळं ऐकू येतं. थंड इंजिनाला टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून गळती असण्याची शक्यता. चढावर जोर दिल्यावर काचेवर वाळू पडल्यासारखा खडखड आवाज आला तर नॉकिंग (सिलिंडरमधे पेट्रोल अवेळी पेटणं), लगेच पाय काढा आणि पेट्रोल कोणतं भरलंय ते आठवा. ताकदीच्या इंजिनाला नॉकिंग परवडत नाही, पिस्टन जातो. ब्रेक पॅड संपत आले की कित्येक पॅडवरची पट्टी डिस्कला घासून चिरचिरते. ती ऐकू यावी म्हणूनच बसवलेली असते.

रोजचा_रस्ता

मामा, पटलं. भिंतीच्या कडेने जाण्याचं उद्याच करतो.

पण एक बाजू राहिली. घोंघाट. एक्झॉस्ट बदललेल्या गाड्यांत २००० ते २५०० आरपीएमला, म्हणजे हायवेच्या नेमक्या वेगाला, केबिन घुमते. तासाभरात डोकं दुखतं. शेजारी बसलेल्याला तर काहीच हातात नसतं, त्याने काय ऐकायचं? माझी बायको म्हणते, तुला इंजिन बोलतं, मला फक्त कंप जाणवतो. प्रवास दोघांचा असेल तर गाणी दोघांची असावीत. तिथे मी वाद घालणार नाही.

लालकाटा

शेजारी माणूस असेल तर मीही गाणी लावतो, किंवा बोलतो. एकट्याने चालवतानाचंच म्हणणं माझं.

शांत_मोटर

इलेक्ट्रिकवाल्यांकडून कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. माझी ह्युंदाईची आयोनिक ५ एन. इंजिन नाही, त्यामुळे गाणी ऐकायला याच्याइतकी चांगली गाडी मी चालवलेली नाही. टायर आणि वारा सोडला तर मधे काही येत नाही. रोज गाणी असतातच.

पण वळणाच्या रस्त्यावर काय होतं ते सांगतो. या गाडीत खोटे आठ गिअर आणि त्यांच्याबरोबर इंजिनासारखा आवाज चालू करता येतो. घेतली तेव्हा मला वाटलं होतं, ही सोय कधी वापरणार नाही. प्रत्यक्षात डोंगरी रस्त्यावर ती बंद ठेवली की वळणात शिरताना माझा वेगाचा अंदाज चुकतो, दर वेळी मीटरकडे बघावं लागतं. आवाज चालू केला की 'या वळणाला तिसरा, एवढा सूर' हे लगेच बसतं. लालकाटा, तुम्हाला स्पीकरमधला आवाज खुपतो हे समजू शकतो. पण तो चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे माझ्या कानाला हवी ती माहिती खरीच मिळते. आणि तो चालू असला की गाणी मीही बंद करतो. दोन्ही स्पीकरमधूनच येत असूनही एकत्र चालत नाहीत.

लालकाटा

हे वाचून माझं मत थोडं बदलावं लागतंय. आवाज कुठून येतो यावर मी अडलो होतो. वेगाशी बांधलेला असेल तर तो चालवायला उपयोगी पडतो, हे तुमच्या अनुभवावरून मानतो. ऐकायला मात्र मला खराच आवडेल.

उघडे_छप्पर

कानसेन यांचं गणित माझ्या गाडीवर करून पाहिलं. एमएक्स-५ च्या सध्याच्या पिढीच्या सहा गिअरची गुणोत्तरं ५.०८७, २.९९१, २.०३५, १.५९४, १.२८६ आणि १. शेजारशेजारच्या जोड्या भागल्या तर १.७०, १.४७, १.२८, १.२४, १.२९. म्हणजे पहिला-दुसरा धैवताच्या किंचित वर, दुसरा-तिसरा थोडा उतरलेला पंचम, आणि पुढचे तिन्ही गंधाराच्या आजूबाजूला. शेवटच्या तीन जोड्या इतक्या जवळ असल्यामुळेच की काय, चौथ्यात आहे की पाचव्यात हे मला नुसतं ऐकून पटकन सांगता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात कधी गोंधळ होत नाही.

कानसेन

वा! चौथा-पाचवा जवळजवळ शुद्ध गंधार आहे. तंबोऱ्याशेजारी बसलेल्याला तो ओळखीचा वाटावा. वरच्या गिअरात तुम्ही अंतरापेक्षा वेग आणि सूर यांची जोडी लक्षात ठेवा. १०० च्या वेगाला चौथ्यात गाडीचा सूर कुठे असतो तो एकदा गुणगुणून बघा, मग पाचवा आहे की चौथा ते चटकन कळेल.

वाचनमात्र

माझ्या पाच गिअरच्या हॅचबॅकचे आकडे कुठे मिळतील? काल गाणी बंद करून चालवली. दुसऱ्यातून तिसऱ्यात सूर बराच खाली पडतो एवढं ऐकू आलं, पण किती ते कळेना.

कानसेन

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर तांत्रिक माहिती असते, बऱ्याचदा तिथे गिअरची गुणोत्तरं छापलेली असतात. दुसऱ्याला तिसऱ्याने भागा. १.५ च्या आसपास आलं तर पंचम, १.६७ च्या जवळ आलं तर धैवत. साध्या पाच गिअरच्या गाड्यांत खालच्या गिअरांमधली अंतरं मोठी असतात, त्यामुळे ओळखायला तुम्हाला सोपंच जाईल. आकडे मिळाले की इथेच टाका.